चष्म्याच्या डबीतल्या ११ गोळ्या

पत्र: "डॉक्टर, माझी आई ६८ वर्षांची आहे. स्तनाचा कर्करोग आता मणक्यात आणि मांडीच्या हाडात उतरलाय. दोन महिन्यांपूर्वी मॉर्फिन लिहून दिलं. सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी, शिवाय मधेच कळ आली तर एक छोटी गोळी. दादाचं म्हणणं, मॉर्फिन म्हणजे अफू, एकदा लागली की सुटत नाही, आणि ती द्यायला लागले म्हणजे शेवट आला असं समजायचं. आईनेही तेच मनात घेतलंय. अगदी सहन होईनासं झालं की दोन-तीन दिवसांतून एखादी गोळी घेते, मग ओकते, दिवसभर पेंगते, आणि वर 'गोळीने काही होत नाही' म्हणते. दुखणं कमी नाही म्हणून मागच्या भेटीत डॉक्टरांनी १० ची गोळी ३० ची केली. परवा तिची चष्म्याची डबी उघडली तर आत ११ गोळ्या. रात्री कूस बदलताना ती उशीचं टोक दातात धरते. मला बघवत नाही. तिला न सांगता गोळी चुरडून पाण्यातून दिली तर चालेल का?

ता. क. दादा स्वतः कमरेसाठी दीड वर्ष ट्रामाडॉल घेतोय, पण ती साधी पेनकिलर आहे. आधी दिवसाला दोन पुरायच्या, आता सहा लागतात. रात्री झोपेची गोळी. आईला म्हणतो, मी बघ कसा साध्या गोळ्यांवर निभावतो."

उत्तर:

चुरडून देऊ नका. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल, पण एवढं आधी ऐका.

सकाळ-संध्याकाळच्या गोळीचं पाकीट बघा, नावापुढे 'एसआर' किंवा तशाच अर्थाची अक्षरं असतील. आतलं मॉर्फिन १२ तासांत थोडं थोडं झिरपावं अशी त्या गोळीची घडण असते. ती चुरडली किंवा दाताखाली फोडली की घडण मोडते आणि १२ तासांची शिदोरी एका झटक्यात रक्तात उतरते. ज्या शरीराला मॉर्फिनचा सराव नाही त्याचा श्वास त्याने मंदावू शकतो, थांबूही शकतो. आणि तुमच्या आईला सराव झालेलाच नाही. दोन महिने औषध चालू आहे ते फक्त कागदावर.

खरा धोका इथेच आहे. डॉक्टर समजतायत की ती रोज दोन गोळ्या घेते आणि तरी दुखतंय. म्हणून त्यांनी डोस तिप्पट केला, आणि समोर होती त्या माहितीवर तो निर्णय चुकीचाही नव्हता. तुम्ही मायेपोटी आज रात्रीपासून ३० ची गोळी नेमाने सुरू केलीत, न चुरडता अख्खी दिलीत, तरी ती जवळजवळ कोऱ्या शरीरात एकदम मोठ्या डोसने सुरुवात होईल. तेव्हा उद्या सकाळी पहिलं काम फोन. "दोन महिन्यांत खरोखर एवढ्याच गोळ्या पोटात गेल्यात" हा आकडा सांगायचा. पाकिटातल्या उरलेल्या मोजा, डबीतल्या ११ धरा, हिशेब निघेल. ते बहुधा पुन्हा लहान डोसपासून चढवत नेतील. रागावले तर रागावले, आकडा मात्र खरा सांगा.

आता 'गोळीने काही होत नाही' याबद्दल. आई खरं बोलतेय. हळू झिरपणारी गोळी सहन होईनासं झाल्यावर घेतली तर तिचा जोर चढेपर्यंत काही तास जातात, तोवर तो ठणका आपल्या वेळेने येऊन गेलेला असतो. ही गोळी आग विझवायला नसतेच. घड्याळ बघून द्यायची असते, दुखत असो वा नसो. मधल्या कळेसाठी जी छोटी गोळी दिलीय ती वेगळी, लगेच विरघळणारी. ती साधारण अर्ध्या तासात जाणवायला लागते आणि चारेक तास टिकते. तिचा डोस दिवसभराच्या मॉर्फिनच्या सहावा ते दहावा हिस्सा इतका ठेवतात. मोठ्या गोळीचा डोस बदलला की छोटीचाही बदलावा लागतो, हे फोनवर आठवणीने विचारा. आंघोळ, पट्टी बदलणं, गाडीत बसवणं, यांनी दुखतं हे ठाऊकच असतं, तर छोटी गोळी अर्धा तास आधीच द्यायला सांगतात का तेही विचारून घ्या.

वेळेवर देण्याची ही पद्धत आज साधी वाटते, पण ती रुजवायला एका बाईला अर्धं आयुष्य घालवावं लागलं. सिसिली सॉन्डर्स, आधी परिचारिका, मग समाजसेविका, मग चाळिशीच्या उंबरठ्यावर डॉक्टर. १९६७ मध्ये त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस काढलं, म्हणजे बरं न होणाऱ्या रुग्णांची वेदना सांभाळणारं शुश्रूषागृह. रुग्णाने कळवळून मागावं आणि मग परिचारिकेने घड्याळ बघत द्यावं, या रीतीला त्यांचा विरोध होता. माणसाला दर वेळी दुखण्याची वाट बघायला लावलं की तो दुखण्याबरोबर गोळीचाही जप करायला लागतो, आणि मग आपणच म्हणतो, बघा, व्यसन लागलं! १९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेसाठी औषधांची पायरी-पायरीची मांडणी केली, तीतही हेच सूत्र आहे: तोंडाने आणि घड्याळाप्रमाणे.

मळमळ आणि पेंग यांचंही तसंच. औषध नेमाने घेतलं की बहुतेकांची पेंग काही दिवसांत उतरते, मळमळ आठवड्याभरात निवते, आणि तेवढ्या दिवसांपुरतं उलटीचं औषध जोडीला देता येतं. आई दोन-तीन दिवसांतून एक घेते म्हणजे दर वेळी पहिलाच दिवस. त्रास सगळा पदरात, आराम मात्र नाही.

एक त्रास मात्र सरावाने जात नाही, तो म्हणजे बद्धकोष्ठता. मॉर्फिन चालू आहे तोवर आतडी सुस्तच राहणार. म्हणून पहिल्या गोळीबरोबर रेचक सुरू व्हायला हवं, रोज, पोट साफ होत असलं तरी. हे मी शिकले ते चुकून. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका आजोबांना मॉर्फिन लिहून दिलं आणि रेचक लिहायचं विसरले. आठ दिवसांनी ते आले. दुखणं निम्म्यावर आलेलं, पोट ढोलासारखं, आणि गोळ्या त्यांनी तीन दिवसांपूर्वीच फेकलेल्या. म्हणाले, "बाई, दुखणं परवडलं." तेव्हापासून मी वेदनेच्या आधी शौचाचं विचारते. लोकांना हसू येतं, येऊ दे. तुमच्या पत्रात रेचकाचा उल्लेख नाही. लिहून दिलंय का बघा.

फोन करताना दुखणं कसं आहे तेही सांगा, नुसतं 'खूप' नको. आपल्या भाषेत याला शब्दांचा तोटा नाही आणि प्रत्येक शब्द डॉक्टरांच्या कामाचा आहे. हाडातलं दुखणं बहुधा ठणकतं, हालचालीने वाढतं. नस दाबली गेली तर आग होते, मुंग्या येतात, विजेसारखी चमक जाते. पोटात कळ येते आणि ओसरते. ठणका मॉर्फिन बऱ्यापैकी सांभाळतं. आग आणि चमक एकट्या मॉर्फिनला पुरेशी दाद देत नाहीत, तिथे गॅबापेंटिन, प्रीगाबालिन किंवा अमिट्रिप्टिलिनसारखी औषधं विचार करून जोडावी लागतात. आणि मांडीचं ते एकच हाड जास्त छळत असेल तर रेडिएशनबद्दल जरूर विचारा. हाडाच्या दुखण्यासाठी पुष्कळदा एकाच बैठकीत काम होतं, आराम पडायला मात्र काही दिवस ते काही आठवडे जातात. पाठीच्या दुखण्याबरोबर पायातली शक्ती जायला लागली, पाय बधिर झाले किंवा लघवी-शौचाचा ताबा सुटला, तर ती त्याच दिवशी दवाखाना गाठण्याची गोष्ट आहे. मणक्याच्या आजारात मज्जारज्जू दाबला जाऊ शकतो.

आता ती डबी.

गोळ्या गुपचूप काढून घेऊ नका. तिच्याशेजारी बसा, डबी समोर ठेवा आणि विचारा की या कशासाठी ठेवल्यास. माझ्या अनुभवात याची दोनच उत्तरं मिळतात. बहुतेक जण म्हणतात, "आत्ताच घेतल्या तर पुढे जास्त दुखेल तेव्हा काय उरणार?" हे ऐकून माझ्या पोटात तुटतं, कारण ते जन्मभर काटकसरीने राहिलेल्या माणसाचं उत्तर असतं. तिला सांगा की ही पुंजी खर्चून संपत नाही. दुखणं वाढलं तर मॉर्फिनचा डोस वाढवता येतो. पॅरासिटामॉलला असते तशी 'दिवसाला याच्या वर नाही' अशी ठरीव रेघ इथे नाही. त्रास आणि आराम तोलत डॉक्टर वर नेतात. ते लागू पडेनासं झालं तर त्याच कुळातली दुसरी औषधं आहेत, त्वचेवर लावायचा आणि तीन दिवस पुरणारा फेंटॅनिलचा पॅच आहे. (पॅचवर गरम पाण्याची पिशवी कधी ठेवायची नाही. उष्णतेने औषध भराभर आत जातं.)

दुसरं उत्तर क्वचित मिळतं, पण मिळतं. "एक दिवस सगळ्या एकदम घेईन म्हणून." हा प्रश्न तुम्ही स्वतःहून, सरळ शब्दांत विचारा: "आई, सगळं संपवावंसं वाटतं का?" विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवीन काही भरत नाही. उलट मनातलं एकदाचं बाहेर काढायला वाट मिळते. तसं काही निघालं तर तिला एकटं ठेवू नका आणि डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा. न शमलेल्या वेदनेत माणसाला मरण हवंसं वाटणं नवलाचं नाही, आणि वेदना उतरली की ते वाटणं पुष्कळदा मागे सरतं हेही मी पाहिलंय. गोळ्या कुठल्याही उत्तराने कुलपात जाणार. किल्ली तुमच्याकडे.

दादाच्या भीतीबद्दल बोलायचं तर तो तीन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतोय. काही काळाने तेवढ्याच आरामासाठी जास्त डोस लागू शकतो, हा शरीराचा सराव. औषध अचानक बंद केलं तर घाम, हातपाय दुखणं, जुलाब, बेचैनी, ही शरीराची सवय. रक्तदाबाची काही औषधं आणि स्टिरॉइड्सही अशी एका दिवसात तोडता येत नाहीत, त्यांना कुणी व्यसन म्हणत नाही. व्यसन म्हणजे नुकसान डोळ्यांना दिसत असूनही हात न थांबणं, वेदना बाजूला राहून गोळीच आयुष्याची मालकीण होणं. तुमच्या आईला पहिल्या दोन गोष्टी होतील, व्हायच्याच. त्या हाताळता येतात. वेळापत्रकाने, देखरेखीखाली, कर्करोगाच्या वेदनेसाठी मॉर्फिन घेणाऱ्या ६८ वर्षांच्या बाईत तिसरी गोष्ट अशक्य नाही, पण तिचं वजन उशीचं टोक दातात धरण्याएवढं खचित नाही.

आणि 'शेवट आला' म्हणाल, तर मॉर्फिन वर्षानुवर्षं शेवटच्या दोन दिवसांसाठी राखून ठेवलं गेलं. गोळी सुरू झाली, माणूस गेला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. वेदनेच्या मापाने हळूहळू वाढवलेलं मॉर्फिन आयुष्य तोडतं असं अभ्यासांतून दिसलेलं नाही. काही जण त्यावर महिनोन्‌महिने, काही वर्षंही हिंडतात-फिरतात.

तरी दादाला मी वेड्यात काढणार नाही. त्याच्या भीतीला आधार आहे. जानेवारी १९८० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं. रुग्णालयात भरती असताना मॉर्फिनच्या कुळातली औषधं मिळालेल्या ११,८८२ जणांच्या नोंदी बघितल्या, त्यांत व्यसनाची नीट नोंदलेली प्रकरणं चारच सापडली, एवढंच त्यात होतं. रुग्णालयातल्या या निरीक्षणाचा पुढे असा अर्थ लावला गेला की घरी, महिनोन्‌महिने, कुठल्याही दुखण्याला ही औषधं दिली तरी फिकीर नको. १९९६ मध्ये अमेरिकेत ऑक्सिकॉन्टिन हे याच कुळातलं औषध बाजारात आलं आणि अशाच भरवशावर पाठ-कंबर-गुडघ्यांसाठी खिरापतीसारखं वाटलं गेलं. व्यसनाच्या धोक्याबद्दल दिशाभूल केल्याचा गुन्हा ते विकणाऱ्या पर्ड्यू कंपनीने २००७ मध्ये न्यायालयात कबूल केला. तोवर घरंच्या घरं उजाड झाली होती. जगाच्या दुसऱ्या टोकाला याच्या उलट. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१७ मध्ये मांडलेला हिशेब असा की वर्षाला जगभर वाटल्या जाणाऱ्या, मॉर्फिनच्या मापात मोजलेल्या सुमारे २९८ टन औषधांपैकी सर्वांत गरीब देशांच्या वाट्याला जेमतेम ०.१ टन येतं. एकीकडे कंबरदुखीला मूठमूठ, दुसरीकडे हाडात कर्करोग असलेल्याला चिमूटही नाही.

तुमच्या घरात तेच चाललंय. तुमच्या पत्रातला मला सर्वांत घाबरवणारा मजकूर ताज्या कलमात आहे.

ट्रामाडॉल साधी पेनकिलर नाही. ती मॉर्फिनच्याच कुळातली, ताकदीने धाकटी, इतकंच. ५० ची गोळी असेल तर दिवसाला सहा म्हणजे ३०० मिलिग्रॅम, आणि प्रौढांसाठी नेहमीची कमाल मर्यादा ४०० आहे. तीत एक जादा खोडही आहे. ती मेंदूतल्या सिरोटोनिन या रसायनाशी खेळते, त्यामुळे जास्त डोसला, किंवा नैराश्यावरच्या काही गोळ्यांबरोबर घेतली तर, फिट येऊ शकते. आणि वर झोपेची गोळी. ओपिऑइड (म्हणजे मॉर्फिनच्या कुळातलं कुठलंही औषध) आणि झोपेची गोळी एकत्र, त्यात कधी दारू, हीच जोडी झोपेत श्वास बंद पाडते. दोघांचंही काम एकाच जागी, मेंदूतल्या श्वासाच्या केंद्रावर.

शिवाय ती त्याच्या कंबरेला फायद्याची आहे का? अमेरिकेत जुनाट पाठदुखी आणि गुडघा-खुब्याच्या झिजेच्या २४० रुग्णांवर वर्षभर चाचणी झाली, निकाल २०१८ मध्ये आले. ओपिऑइडचा गट रोजच्या हालचालींत साध्या औषधांच्या गटापेक्षा सरस ठरला नाही, आणि वेदना साध्या औषधांच्या गटातच किंचित कमी निघाली. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत नव्याने सुरू झालेल्या पाठ-मानदुखीवर ऑक्सिकोडोन (ऑक्सिकॉन्टिनमधलं औषध) आणि औषध नसलेली खोटी गोळी सहा आठवड्यांनी सारख्याच ठरल्या. दीर्घकाळ घेतलेलं ओपिऑइड कधी कधी मज्जातंतूंनाच जास्त हळवं करून ठेवतं, मग गोळी वाढते तसं दुखणंही वाढतं. दोनाच्या सहा झाल्या त्यामागे कंबर किती आणि गोळी किती, हे आज दादालाही सांगता येणार नाही.

पण "आजपासून बंद" असं त्याला कुणी सांगू नये. एकदम तोडली तर घाम, थरथर, झोप उडणं, जीव घाबरा होणं, आणि मग "बघा, कंबर किती दुखतेय" म्हणत दुप्पट गोळ्या. झोपेची गोळी एकदम तोडणं त्याहून वाईट, त्यानेही फिट येऊ शकते. डॉक्टरांकडे जाऊन दोन्हींचा खरा आकडा सांगायचा आणि उतरणीचं वेळापत्रक घ्यायचं. वर्षाहून जास्त घेतलेलं ओपिऑइड महिन्याला साधारण दहावा हिस्सा, इतक्या धीम्या गतीने कमी करतात. जोडीला कंबरेचे व्यायाम, जे त्याने बहुधा दोनदा सुरू करून सोडलेत. उतरवताना हात थांबतच नाही असं दिसलं तर त्यावरही उपचार आहेत, ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधं आहेत, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

घरात सगळ्यांना ठाऊक हवं असं एक: आई किंवा दादा, कुणीही हलवून, हाक मारून जागं होत नसेल, श्वास मिनिटाला आठ-दहाच्या खाली गेला असेल, घशातून घरघर येत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर "गाढ झोपलाय" म्हणून पांघरूण घालू नका. रुग्णवाहिका बोलवा. नॅलोक्सोन नावाचं उताऱ्याचं औषध या गोळ्यांचा असर मिनिटांत उतरवतं, घरी ठेवता येईल का ते फोनवर विचारून ठेवा. आईची लघवी कमी झाली किंवा हातापायांना झटके यायला लागले तरी कळवा. मॉर्फिनचा चोथा मूत्रपिंडं बाहेर टाकतात, ती मंदावली की तो साठतो आणि डोस किंवा औषध बदलावं लागतं.

आईसाठी एक वही करा. वेळ, गोळी, दहापैकी किती दुखतं, शौच झाली का. चार रकाने पुरेत. कुलपातल्या गोळ्यांची संख्या त्याच वहीत मागच्या पानावर, दर दोन दिवसांनी. मी दादावर संशय घेत नाहीये. सहाच्या सात व्हायच्या रात्री, आपल्या गोळ्या संपलेल्या असताना, घरात दुसऱ्या कुणाच्या सापडू नयेत, एवढंच. डबीतल्या ११ पुढच्या भेटीत डॉक्टरांकडे न्या आणि जमा कुठे करायच्या ते विचारा.

हे उत्तर दादाला वाचायला देणार असाल तर आईसमोर देऊ नका. एकट्याला गाठा, आणि गोळ्यांऐवजी झोपेपासून सुरुवात करा: रात्री मधेच दचकून जागा होतोस का, पहाटे घाम येतो का. तिच्यापुढे त्याने इतके दिवस जे ठासून सांगितलंय ते मागे घ्यायला त्याला थोडा आडोसा लागेल.